दारावरची तीन अक्षरं

पद्मण्णांच्या बोर्डिंगात जेवणघराचं दार लावायचा मान इंग्रजी चौथीच्या पोरांचा. मान कसला, कटकटच ती! पण तिसरीपर्यंत धाकट्या पंगतीत भिंतीकडं तोंड करून जेवलेल्या पोराला चौथीत गेल्यावर थोरल्या पंगतीत, दाराजवळ पाट मिळायचा, आणि आठवड्याच्या पाळीनं दाराची कडी हातात यायची. तेवढ्यावर पोरं फुगून जायची. अजून ओठावर लव नाही, आणि चालायची अशी की तुरुंगाच्या किल्ल्याच कमरेला लावल्यात.

हे बोर्डिंग बेळगावच्या बाहेर, शहापूर ओलांडलं की खानापूर रस्त्याला. निपाणीच्या पद्मण्णा नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यानं बांधलं आणि सरकारपुढं हात न पसरता चालवलं. शाळा तिथंच, राहणं तिथंच. चिक्कोडी-निपाणीकडची जैनांची पोरं जास्त, पण पद्मण्णा मनानं मोठा, मराठ्यांची पोरंही घ्यायचा. अट एकच, बोर्डिंगात बोर्डिंगसारखं राहायचं. कांदा नाही, लसूण नाही, आणि जेवण दिवस मावळायच्या आत. सगळ्यांनी आपापलं ताट घेऊन यायचं, बसायचं, दार लागायचं. एकदा लागलं की बाहेर कलेक्टर उभा राहिला तरी भरमूअण्णा आचारी दार उघडू द्यायचा नाही.

आणि उशीर करावा तर परशरामनं. खानापूरच्या पलीकडं रानाच्या कडेला त्याचं गाव. बाप लहानपणीच गेलेला, आई मालुबाई भाताची शेती एकटीनं ओढायची. पोरगं भातावर वाढलेलं, इथं जोंधळ्याच्या भाकरीशी गाठ. "कांदा न्हाय, लसूण न्हाय, आणि उजेडात जेवाण! आरं, ही काय जेवायची येळ हाय?" असं तो रोज म्हणायचा आणि रोज ताटातलं सगळं चाटूनपुसून खायचा. संध्याकाळी लोंढ्याकडनं येणारी गाडी बघायला तो रुळाच्या बांधावर जाऊन बसायचा. गाडीत ओळखीचं कुणी असायचं नाही. पण ती त्याच्या गावावरनं आलेली, तेवढं त्याला पुरे. ताट बरोबरच न्यायचा, म्हणजे खोलीवर जायचा हेलपाटा नको. गाडी गेली की धावत सुटायचा, पण तोवर दार लागलेलं असायचं.

मग ताटाचा काठ दारावर वाजायचा. ठण्ण, ठण्ण. काशाचं ताट ते, आईच्या लग्नातलं. काठाला चीर गेलेली, म्हणून आवाज जरा फुटका. डोळे मिटून सांगावं, परश्या आला.

आतनं भरमूअण्णा ओरडायचा, "नाळे बा!"

भरमूअण्णा चिक्कोडीकडचा, कानडी माणूस. नाळे बा म्हणजे उद्या ये. सारी पंगत खो-खो हसायची, बाहेरची पावलं विहिरीकडं निघून जायची. हसायचा नाही तो एकटा भूपाल. भूपाल निपाणीजवळच्या खेड्यातला, जैनाच्या घरातला एकुलता एक. त्याचा पाट परश्याच्या पाटाला लागून. तो गुपचूप अर्धी भाकरी सदऱ्याच्या आत सरकवायचा, आणि जेवण आटोपलं की विहिरीमागं नेऊन द्यायचा.

एकदा तिथंच परश्यानं विचारलं, "ह्यो भरमूअण्णा रोज काय वरडतोय रं?"

"उद्या ये, म्हणतोय."

"आसं व्हय! आणि मला वाटलं शिव्या घालतोय." परश्या भाकरी चावत म्हणाला. "कानडीत लिवून दाव की."

भूपालनं कोळसा घेऊन विहिरीच्या दगडावर लिहिलं. ना, ळे, बा. तीनच अक्षरं. परश्यानं ती बोटानं गिरवली, पुसली, पुन्हा स्वतः काढली. बाकी कानडी त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण ही तीन अक्षरं त्यानं अशी घोटली की झोपेतनं उठवलं तरी काढील. "कुणाला सांगू नगंस. एक दिवस भरमूअण्णाच्याच खोलीच्या दारावर लिवतो बघ. बोंबलत बसंल म्हातारा." भूपाल कुणाला बोलला नाही. दोघांचं असं गुपित असावं, याचं त्याला फार अप्रूप वाटायचं. घरी एकट्यानं वाढलेला तो, असा जिवाभावाचा पहिलाच भेटलेला.

मग दसऱ्याच्या सुमारास मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या तापाची साथ आली. त्या वर्षी कुणाच्या घरी आली नाही? निपाणीत पेठ बंद, बेळगावात स्मशानात लाकूड मिळेना. बोर्डिंगात पहिला पडला तो परश्या. धरणेंद्र मास्तर बोर्डिंगाचे सुपरिंटेंडेंट, त्यांनी त्याला मागच्या खोलीत वेगळं ठेवलं आणि बाकी पोरांच्या घरी निरोप धाडले. भूपालचा बाप गाडी जुंपून तिसऱ्या दिवशी दुपारी येऊन उभा राहिला.

भूपाल ट्रंक गाडीत टाकून मागच्या खिडकीशी गेला. आत जायला बंदी होती. परश्या कांबळ्यात गुरफटून पडला होता, डोळे लालभडक.

"आत ये की रं," तो म्हणाला.

"मास्तर वरडतील."

"मग मूठभर भात तरी आण. भाकरी नगं वाटतीया. तोंडाला चवच न्हाय."

गाडीला बैल जुंपलेले होते, बाप हाका मारत होता. घटकाभरात आपण शहापूरच्या पलीकडं असणार, हे भूपालला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याच्या तोंडातनं गेलं, "उद्या आणतो."

परश्या हसला. हसता हसता खोकला आणि म्हणाला, "नाळे बा म्हण की सरळ!"

एवढंच त्यांचं शेवटचं बोलणं. त्यानंतर परश्यानं फार दिवस काढले नाहीत. मालुबाईला त्या आडगावी निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. अग्नी मास्तरांनी दिला. आईला तोंड बघायला मिळालं नाही.

दिवाळी झाल्यावर पोरं परत आली. जेवणघरात परश्याचा पाट तसाच मांडलेला होता. उचलायचं कुणाला सुचलं नाही म्हणा, धीर झाला नाही म्हणा. ताट फळीवर पालथं होतं. दार लागलं, भरमूअण्णानं आमटी वाढायला घेतली, पोरं माना खाली घालून जेवू लागली. उजेड खिडकीतनं काढता पाय घेत होता. आणि दारावर वाजलं.

ठण्ण. ठण्ण.

जरा फुटका आवाज.

घास तोंडात तसेच राहिले. आणि भरमूअण्णा? त्याचं लक्ष आमटीच्या भांड्यात. वर्षानुवर्षांची सवय, त्यानं मान वर न करताच ओरडून दिलं, "नाळे बा!"

बाहेर पावलं वाजली आणि विहिरीकडं गेली.

मग कुठं भरमूअण्णाच्या ध्यानात आलं, आपण कुणाला काय म्हणालो ते. हातातला डाव खाली पडला. धाकट्या पंगतीत एक पोरगं रडायला लागलं, त्याच्या मागनं दुसरं. भूपालनं फळीकडं बघितलं. ताट फळीवरच होतं, पालथंच.

त्या दिवसापासनं बोर्डिंगाची झोप उडाली. शामू नावाचं एक पोरगं चौथीतच होतं, अंगानं दांडगं आणि अकलेनं त्याहून दांडगं, असं त्याचं स्वतःचं मत. तो म्हणाला, "भरमूअण्णानं नाळे बा म्हटलं आणि ते गेलं. म्हंजे त्या शब्दाला ते मानतंय. आमच्याकडं मरी आली की दारावर हेच लिवत्यात. मरी वाचती, उद्या येऊ म्हणती आणि जाती. दारावरच लिवून टाकू, म्हंजे कुणाला बोलायबी नगं." आणि चुन्यात बोट बुडवून त्यानं जेवणघराच्या दारावर बाहेरनं ती तीन अक्षरं काढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा ठण्ण झालं. आत कुणी ब्र काढला नाही. जरा वेळ गेला, एखादं माणूस वाचत उभं राहावं तेवढा, आणि पावलं परत गेली.

"गेलं की न्हाय!" शामू म्हणाला.

पण त्याच्या दुसऱ्या दिवशीही वाजलं. आणि त्याच्याही दुसऱ्या दिवशी. तेव्हा शामूचं डोकं पुन्हा चाललं. "आरं, त्यो खानापूरकडचा! त्येला कानडी कुठं वाचाय येतंय? मराठीत लिवाय पायजे." मग कानडीच्या खाली मराठीत आलं, उद्या ये. तरीही दिवस मावळायला ठण्ण आहेच. मग अक्षरं मोठी झाली. मग दाराच्या दोन्ही फळ्यांवर झाली.

भूपाल सगळं बघत होता आणि गप्प होता. त्याला पहिल्या दिवशीच उमगलं होतं. ही पोरं काय समजतात, अक्षरं त्याला अडवतात? अहो, तो अक्षरं वाचत होता! कानडीत त्याला सगळ्या जगात तेवढीच तीन अक्षरं येत होती आणि तीच नेमकी दारावर होती. उद्या ये म्हटलंय, तर तो आपला शहाण्या पोरासारखा परत जात होता आणि उद्या येत होता. कधी नव्हे ते ऐकायला लागला होता. त्याला कुणी लांब ठेवत नव्हतं, रोज बोलावत होते.

हे सांगावं की नाही? भूपालची दोन मनं व्हायची. सांगितलं तर पोरं अक्षरं पुसतील, आणि मग परश्या आत येईल. असलं कुणी आत आलं की ज्यानं दार उघडलं त्याला हाताला धरून घेऊन जातं, असं पोरं कुजबुजायची. आणि नेणारच असेल तर कुणाला नेईल? ज्यानं भात आणतो म्हणून सांगितलं आणि गाडीत बसून पळाला त्यालाच की. पण दुसरं मन त्याहून वाईट होतं. दुपार कलली की त्याचे कान दाराकडं लागायचे. वाजलं की अंगावर काटा यायचा, आणि त्याच वेळी जिवाला बरंही वाटायचं. आला, आजही आला. परश्या मेला, असं त्याला अजून पुरतं पटत नव्हतं, आणि हे दार होतं तोवर मानायची गरजही नव्हती. तो अजूनही भाकरी सदऱ्यात लपवायचा आणि विहिरीच्या दगडावर ठेवून यायचा. सकाळी ती कावळ्यांनी नेलेली असायची.

पोरं मात्र एकेक करून घरी जायला लागली. कुणाचा बाप यायचा, कुणाचा चुलता. असंच चाललं तर बोर्डिंगाला कुलूप लागणार, असं ट्रस्टींना वाटलं आणि त्यांनी एक भगत ठरवला. भगत म्हणाला, विहिरीजवळच्या चिंचेत खिळा ठोकून बांधून टाकतो, मग हलायचं नाव नाही. कायमचं. धरणेंद्र मास्तरांना हे पटलं नव्हतं, पण ट्रस्टींपुढं त्यांचं काही चालेना. त्यांनी जेवणघरात येऊन पडलेल्या आवाजात सांगितलं, "उद्या भगत येणार आहे. आजच्या दिवस धीर धरा."

चिंचेत खिळा! परश्या, ज्याला गाडी बघायला बांधापर्यंत पळाल्याशिवाय चैन पडायचं नाही, त्याला झाडाला बांधायचं? त्या दिवशी दाराची पाळी भूपालची होती.

आणि त्याच दिवशी दुपारी मालुबाई आली. पोराची ट्रंक न्यायला आली होती. डोईवर गाठोडं, पायांवर रस्त्याची धूळ. गाठोड्यात नवा तांदूळ होता. दर साली सुगी झाली की ती बोर्डिंगाला तांदूळ आणून द्यायची, यंदाही आणला. "पोरगं न्हाय म्हून तांदूळ न्हाय, आसं कसं? बाकीची पोरं हाईत की," असं ती मास्तरांना म्हणाली. बोर्डिंगात काय चाललंय हे सांगायची छाती कुणाचीच झाली नाही.

भूपाल तिला घेऊन जेवणघराकडं आला. दारापुढं ती थबकली. दाराच्या दोन्ही फळ्या चुन्यानं रंगलेल्या.

"हे काय लिवलंय रं दारावर?"

भूपालला खोटं बोलावं असं फार वाटलं. पण एकदा खोटं बोलून बघितलं होतं त्यानं. "उद्या ये, असं लिवलंय मावशी."

"कुणाला?"

त्यानं मान खाली घातली. डोळ्यांतनं पाणी टपटप खाली पडायला लागलं. तेवढ्यावर ती समजली. आई ती, तिला आणखी काय फोडून सांगायचं?

"येतोय व्हय माझा परश्या?" तिनं हळू विचारलं.

"रोज येतोय. ताट वाजवतोय."

"आणि तुमी त्येला दारातनं उद्या ये म्हणून परत लावतासा?" तिचा आवाज एकदम चढला. "आरं, उद्या ये म्हणून भिकाऱ्याला परत लावत्यात! माझं लेकरू काय भीक मागाय येतंय? जेवाय येतंय त्ये, आपल्या ताटात! लई शिकलासा रं तुमी. लई!"

ती पायरीवर बसली आणि पदर तोंडात घालून रडली. भूपाल शेजारी बसला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. खिडकी, भात, गाडी, तीन अक्षरं, सगळं. भगत आणि खिळासुद्धा. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही, पाठीवर हात फिरवला, त्याचंच भूपालला जास्त लागलं.

"पूस ते," ती उठत म्हणाली. "आज त्येला आत घे. जेवू घाल. आणि जेवला की वाटंला लाव."

"कसं लावायचं?"

"उठताना त्यो येतो म्हणंल. गाव सोडताना मला तेवढंच म्हणायचा. तू ये म्हणू नगंस. ये म्हटलंस की फिरून येणार त्यो, लई ऐकणारा हाय. जा म्हण."

जा? भूपालच्या घरात कानडीत 'होगी बा' म्हणतात, जाऊन ये. बाहेर मराठीत 'ये' म्हणतात. जिवाच्या माणसाला निघताना 'जा' म्हटलेलं त्यानं दोन्ही भाषांत कधी ऐकलं नव्हतं. जा म्हणतात ते भांडणात, नाहीतर कुत्र्याला.

"मावशी, तू म्हण. तुझंच ऐकंल त्यो."

"माझ्या तोंडातनं निघायचं न्हाय बाबा," ती म्हणाली. "जीभ झडली तरी निघायचं न्हाय. तू त्येचा दोस्त हाईस. तूच म्हण."

भरमूअण्णानं नव्या तांदळाचा भात टाकला. टाकताना रडत होता आणि स्वतःलाच शिव्या देत होता. कानडीत देत होता, म्हणून मालुबाईला कळल्या नाहीत हे बरं. शामू पुढं आला आणि मुकाट्यानं ओल्या फडक्यानं भूपालबरोबर दार पुसायला लागला. मास्तर येऊन उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, आता रागावणार. मास्तर म्हणाले, "भूतखेत मला मान्य नाही. पण दारात जेवायला आलेल्याला वाढू नये, असं आमच्या धर्मात तरी कुठं सांगितलेलं नाही." आणि ते स्वतः थोरल्या पंगतीच्या टोकाला जाऊन बसले.

पंगत बसली. परश्याचं ताट फळीवरनं काढून भूपालनं घासलं होतं. पाटापुढं मांडलं, भात वाढला, त्यावर तुपाची धार. मालुबाई सैपाकघराच्या दाराआड उभी राहिली. भूपालनं जेवणघराचं दार सताड उघडं ठेवलं आणि आपल्या पाटावर येऊन बसला. पोरं जेवेनात. सगळ्यांचे डोळे दाराकडं.

लांब गाडीची शिट्टी झाली. लोंढ्याकडची गाडी आली आणि गेली. बाहेर उजेड पिवळा झाला. विहिरीच्या बाजूनं पावलं आली. पायरी चढली आणि उंबऱ्याशी थांबली. दारात कुणी दिसत नव्हतं. पण थांबलंय हे सगळ्यांना कळत होतं. वाजवायला दार नव्हतं, वाचायला अक्षरं नव्हती, आणि आत यायला बिचारा बिचकत होता. इतक्या वेळा परत लावलेला तो, त्याला कसं खरं वाटावं?

त्या बिचकण्यानं भूपालला भडभडून आलं, आणि भीती जरा मागं सरली.

"ये परश्या," तो म्हणाला. "आज ये. भात आणलाय."

शेजारचा पाट किंचित करकरला. ताटाच्या काठाचा आवाज झाला, ठण्ण, एकदाच, ताट जवळ ओढून घेताना होतो तसा. भूपालनं मान वळवली नाही. समोर बघत तो स्वतःच्या ताटातला भात कालवून खाऊ लागला. त्याच्या डाव्या अंगाला गार वारा लागत होता. पण शेजारी कुणी भुकेलं माणूस जेवायला बसलंय आणि त्याचं पोट भरतंय, असं त्याला स्पष्ट जाणवत होतं. त्याला हसू आलं आणि रडूही आलं. मास्तरांनी पहिला घास घेतला. मग शामूनं, मग सगळ्यांनी. दिवस मावळायच्या आत जेवायला त्या दिवशी परश्या पहिल्यांदाच वेळेवर होता.

मग भूपालच्या डाव्या मनगटावर गारठा आला. काशाचं ताट अंगाला लागावं तसा गार, आणि घट्ट. कुणी हात धरला होता. सैपाकघराच्या दाराआडनं मालुबाईचा हुंदका आला. भूपालला वाटलं, झालं, आता मला नेणार. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणाला तो गेलाही असता.

कानाशी, अगदी जवळ, त्याला ऐकू आलं. "येतो रं."

जन्मभराची सवय. 'ये'चा स्वर त्याच्या ओठाशी येऊन उभा राहिला. एवढा एक शब्द बोलला की उद्या पुन्हा ठण्ण वाजणार होतं, परवाही वाजणार होतं. शेजारचा पाट रिकामा राहणार नव्हता. कुणाला दोषही देता आला नसता, तोंडातनं सहज निघून गेलं म्हटलं असतं. पण चिंचेचं झाड होतं आणि उद्याचा खिळा होता. भूपालनं ओठ दातांत धरले. रक्ताची चव आली.

"जा, परश्या," तो म्हणाला.

हात सुटला नाही. नीट ऐकू आलं नसावं, किंवा दोस्ताच्या तोंडून असलं काही ऐकायची अपेक्षा नसावी.

"जा रं," भूपाल रडत मोठ्यानं म्हणाला. "पुन्ना येऊ नगंस. जा!"

मनगट मोकळं झालं. पावलं उंबरा ओलांडून गेली. विहिरीकडं नाही, रस्त्याकडं, रुळांच्या बाजूला, धावत गेल्यासारखी. भूपाल उठला. पाळी त्याची होती. त्यानं दोन्ही फळ्या ओढल्या आणि कडी लावली.

दुसऱ्या दिवशी भगताला मास्तरांनी फाटकातनंच वाटेला लावलं. मालुबाई सकाळीच निघाली. ट्रंक बोर्डिंगाला ठेवून गेली, कुणा गरिबाच्या पोराला होईल म्हणून. ताट मात्र पदरात गुंडाळून घेतलं. भूपाल तिला रस्त्यापर्यंत पोचवायला गेला. वळणाशी ती थांबली, त्याच्या तोंडावरनं हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

"येतो रं पोरा," ती म्हणाली.

भूपालनं तोंड उघडलं आणि मिटलं. ती वाट बघत उभी राहिली. काय ऐकायला मिळणार याची जणू तिलाही धाकधूक होती.

"ये मावशी," तो म्हणाला, आणि मग त्याला तो शब्द आवरेचना. "ये हं. सुगीला ये. नक्की ये. ये."